कलमाची काडी

“एवढे गुण वाया नाही का जाणार, सर?” मृणालनं विचारलं.

पाध्येसर पडवीत आंब्याची कलमं बांधत बसले होते. निवृत्तीपूर्वी ते शिक्षकांना समुपदेशन शिकवत. मृणाल त्यांची नावाजलेली विद्यार्थिनी, आता रत्नागिरीतल्या एका मोठ्या शाळेची समुपदेशक.

“कुणाचे?” सरांनी मान वर न करता विचारलं.

“दुर्वा घागचे. बारावीला शाळेत पहिली आली. मेडिकल म्हणा, इंजिनिअरिंग म्हणा, काहीही मिळेल. आणि बाईसाहेब मागतात काय, तर कृषी!”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, अगं, ती शेवटची पसंती असते. तर मान ताठ करून म्हणते, ‘माझी पहिली आहे, बाई.’”

“बाणेदार आहे.”

“हट्टी आहे! उद्या वडिलांना घेऊन येतेय. मी सांगेन तेच ते करणार. माझा शब्द आजवर एकाही पालकानं मोडलेला नाही, सर.”

“अस्सं... मग कृषीला तू पाठवतेस कुणाला?”

“ज्यांचा बाकी कुठे नंबर लागत नाही, त्यांना.”

सरांनी हापूसच्या काड्यांची जुडी तिच्यापुढे सरकवली. काड्या ज्या झाडाच्या, ते सरांच्या पत्नीनं, काकूंनी लावलेलं होतं. काकू आता नव्हत्या.

“निवड एक. बागवाल्याची लेक ना तू?”

मृणालनं काड्या भराभर चाळल्या. टोकाचा डोळा फुगलेली, टपोरी काडी बाजूला काढली. एक वाळकी, वाकडी काडी हाती लागली, ती अंगणात भिरकावली.

सर उठले. अंगणात उतरून तीच काडी उचलून आणली आणि चाकूनं तिचं टोक तासून पाचर काढू लागले.

“अहो सर, ती काय बांधताय? ही घ्या ना, चांगली!”

“ती राहू दे. दिवाणखान्यात ठेवू. आल्यागेल्याला दाखवता येईल.”

“थट्टा करताय माझी! असली काडी कलमाला कोण लावतं? रोप फुकट जाईल.”

“जाईल तर जाईल. हिचा तरी बाकी कुठे नंबर लागणार?”

मृणालचा हात तिथंच थांबला...

पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. ती हातातल्या टपोऱ्या काडीकडे बघत राहिली.

मग तिनं सरांच्या हातून चाकू घेतला. त्या टपोऱ्या काडीला स्वतः पाचर काढली आणि कोवळ्या रोपाच्या चिरेत काडी बसवली. नीट बसली.

“आमची पहिली आलेली मुलगी कृषीला जाईल,” ती म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.

“जाऊ दे की.”

“पण सर... तिचे वडील म्हणतील, एवढं शिकून माती उकरायची? मुख्याध्यापक म्हणतील, गुणवंतांच्या फलकावर लिहायचं काय? सगळे माझ्याकडेच बघणार...”

बोलता बोलता तिच्या बोटांतली काडी चिरेतून किंचित सरकली.

सरांनी प्लॅस्टिकची पट्टी उचलली.

“घट्ट धर. बांधताना हात हलला, की कलम जगत नाही.”