निंबझिरीची ओ

वैशाखात भर दुपारी कोणी निंबझिरीत आलं, तर त्याचा आधी गैरसमजच होतो. गल्लीत चिटपाखरू नसतं. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांची दारं नुसती लोटलेली असतात आणि कुत्री ओट्याखाली जीभ काढून पडलेली असतात. एवढ्यात एका घरातून एखादी बाई शेजारच्या घराला खणखणीत आवाजात विचारते, "जिते हा का वं?" शेजारून तेवढ्याच जोरात उत्तर येतं, "हाव, जिते हाओ!" मग ते घर पुढच्या घराला विचारतं, पुढचं त्याच्या पुढच्याला. नव्या जावयांना तर ही शिवीच वाटते. जेवून जरा आडवं झालेल्या भल्या माणसाला, जिवंत आहेस का, असं कोणी विचारतं का? निंबझिरीत विचारतात, आणि उत्तर दिलं नाही तर क्षणात निम्मं गाव उशाशी येऊन उभं राहतं. एका जावयाला गाढ झोपेत असताना चार बायकांनी मिळून ओल्या फडक्यांनी पुसून काढलं होतं. तेव्हापासून तो सासुरवाडीला वैशाखात येत नाही.

हसण्यासारखीच गोष्ट आहे. पण ही रीत ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवशी गावात कोणी हसलं नव्हतं.

फार मागची हकीकत सांगतात. पूर्णेकाठचा हा सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा. विहीर खणली तरी तोंडात धरवत नाही असं पाणी लागतं, म्हणून उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचा आणि वाटीवाटीने गोडं पाणी भरून आणायचं. ऊन तर असं, की वाऱ्याची झुळूक आली तरी अंगाला चटका बसावा. त्या काळी लोक म्हणायचे, ही झळ म्हणजे एक बाई आहे. झळाई तिचं नाव. ती तहानेने मेलेली, अंगात पाण्याचा थेंब नसलेली बाई, म्हणून तिला कधी रडू येत नाही. वैशाखात ऊन डोक्यावर आलं की ती गल्लीतून फिरते आणि ओळखीच्या आवाजात हाक मारते. ज्याने ओ दिली त्याच्या घरात ती शिरते, आणि घरातलं सर्वांत कोवळं जे असेल ते सुकवून टाकते.

म्हणून गावाचा कायदा होता. ऊन चढलं की दाराला आतून अडसर घालायचा, फटींत ओलं गोणपाट कोंबायचं, आणि बाहेरून कोणीही हाक मारो, ओ द्यायची नाही. ज्याने हा कायदा केला तो काही वेडा नव्हता. त्यामुळे माणसं उन्हात भटकायची नाहीत, पोरं घरात राहायची. पण भीतीने पाळलेल्या कायद्यात पुढे विचार उरत नाही, तसंच इथे झालं.

गल्लीच्या शेवटच्या घरात पंचफुलाबाई, तिचा एकुलता एक मुलगा सुकदेव आणि सून कौतिका अशी तीन माणसं राहत. कौतिकाला दिवस गेले होते. एका वैशाखात सुकदेव बैल घेऊन शेतात वखरणीला गेला. दुपारी तो वावरातल्या निंबाखाली थांबायचा आणि ऊन उतरल्यावर परतायचा, ते ठरलेलंच होतं. पण त्या दिवशी ऐन दुपारी दाराबाहेर त्याचा आवाज आला. "कौतिके, दार उघड वं."

कौतिका उठली. पंचफुलाबाईने तिचा हात धरला. "सुकदेव वावरात हाय. थो आता येत नसते. हे तीच हाय."

"त्याईचाच आवाज हाय, आत्याबाई."

"म्हनूनच म्हन्तो, गप राय."

बाहेरून पुन्हा हाक आली, मग पुन्हा. कौतिकाने ओ देण्यासाठी तोंड उघडलं, तर सासूने पदराचा बोळा करून तिच्या तोंडावर दाबून धरला. पोटुशी बाई, झटापट तरी किती करणार? हाका बारीक होत गेल्या आणि थांबल्या. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा सुकदेव उंबऱ्याशी पडलेला होता. बैल आजारी पडला म्हणून तो लवकर निघाला होता आणि वाटेत त्याला ऊन लागलं होतं.

गाव म्हणालं, झळाईने नेला. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. त्या घरात आता दोन बायका होत्या, पण बोलणं एका बाईपुरतंही नव्हतं. पुढचा उन्हाळा लागला तेव्हा ती एकदाच बोलली. पोरीला मांडीवर घेऊन, सासूकडे न पाहता म्हणाली, "आता कोनीबी हाक मारू द्या. मी ओ देईन."

घरातलं सर्वांत कोवळं म्हणजे ती नात. तेव्हापासून पंचफुलाबाई पाण्याला निघाली की दाराला बाहेरून कडी घालून जायची. कौतिका आतून दार हलवायची, कडी वाजायची, आणि मग ती पुन्हा पोरीजवळ जाऊन बसायची. आपलंच घर तिला कैदखाना झालं होतं.

एक दिवस सकाळी रांजण तळाला गेला. पंचफुलाबाई घागर घेऊन नदीवर गेली, जाताना कडी घालायला विसरली नाही. झिऱ्याला पाणी म्हणजे नुसता ओलावा. एक वाटी भरायला किती वेळ बसावं लागलं असेल, ते तिलाच ठाऊक. इकडे ऊन चढलं, गल्लीतले अडसर एकामागून एक पडले, आणि कौतिका अंधारात कोंडलेली राहिली. पाणी संपलेलं. अंगावरचं दूधही आटलेलं. पोर आधी किरकिरली, मग नुसती ओठ हलवत राहिली. कौतिकाने दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. गल्लीतल्या प्रत्येक घराने त्या ऐकल्या आणि प्रत्येक घर गप्प बसलं. तिला वाटलं, भिंती जवळ येताहेत. खालची जमीन तापलेली, वरचं धाबं तापलेलं, आणि मधे ती आणि तिचं लेकरू. सुकदेव दाराच्या त्या बाजूला असा अडकला होता आणि आपण या बाजूला, हे तिला तेव्हा कळलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "कौतिके... ओ दे माय."

आवाज सासूचा होता. कौतिकाने फटीतलं गोणपाट ओढून काढलं आणि डोळा लावला. समोरच्या भिंतीच्या वीतभर सावलीत घागर नीट टेकवून ठेवलेली दिसली. तिच्यापलीकडे, उन्हात, पंचफुलाबाई बसल्या जागी कलंडलेली होती. दार तिच्यापासून दहा पावलांवर, पण ती दहा पावलं तिच्याने चालवत नव्हती. भरलेली घागर हाताशी असून ती प्यालेली दिसत नव्हती.

आता खोटं कशाला सांगायचं? त्या क्षणी कौतिकाच्या मनात आलं, मारू दे हाका. त्यानेही अशाच मारल्या होत्या. तोंडावर दाबलेला तो पदराचा बोळा तिला पुन्हा जाणवला. ती फटीपासून बाजूला झाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, असं सांगतात. मग बाहेरची हाक बारीक झाली. ते बारीक होणं तिच्या ओळखीचं होतं. ते दुसऱ्यांदा ऐकणं तिला सोसवेना, आणि ती होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओरडली, "ओ! आत्याबाई, ओ!"

गल्लीत ऐन दुपारी कोणी ओ दिल्याचं गावाने पहिल्यांदाच ऐकलं. पण ओ देऊन कडी निघत नाही. कौतिकाने शेजारच्या अनसाबाईच्या घराची सामाईक भिंत गाठली आणि मुसळाने ठोकू लागली. "अनसाबाई, आत्याबाई उनात पडल्या. दार उघडा!" पलीकडे चिडीचूप. अनसाबाई काय समजली असेल ते कौतिकाला कळलं. झळाई आत शिरली आणि आता कौतिकाच्या आवाजात बोलते आहे. माणसाच्या आवाजावरचाच विश्वास उडाला, तर माणसाने आपण माणूस आहोत हे सांगायचं कसं?

तिने पोरीला झोळीतून उचललं, भिंतीशी नेलं आणि तिच्या मांडीला चिमटा घेतला. पोर रडली नाही. तिने पुन्हा घेतला, नखं रुतेपर्यंत घेतला. तेव्हा त्या सुकलेल्या गळ्यातून रडणं फुटलं. कौतिकाही तिच्याबरोबर मोठ्याने रडायला लागली. "ऐका अनसाबाई, झळाई रडते का? रडते का कधी?"

मग भिंतीपलीकडून, घाबरलेला पण माणसाचा आवाज आला. "ओ. जिती हाय का वं तू, कौतिके?"

"हाव, जिती हाय!"

पण अनसाबाईची एकटीने अडसर काढायची हिंमत नव्हती. तिने पुढच्या भिंतीवर थाप मारली आणि पुढच्या घराला विचारलं, "जिते हा का वं?" त्या घराने आणखी पुढे विचारलं. कोणी लगेच ओ दिली, कोणाला तीनदा विचारावं लागलं. तो आवाज भिंतीभिंतींतून असा गावभर फिरला. म्हणे, गावाच्या मधोमध एक पडकं घर होतं, तिथे कोणी राहत नव्हतं, तरी तिथूनही ओ आली. ती कोणाची, ते आपण कशाला ठरवायचं? एकट्याने ओ दिली तर झळाई त्याला नेणार, पण सगळ्या गावानेच ओ दिली तर ती नेऊन नेऊन किती जणांना नेणार, हे तेव्हा एकदम सर्वांच्या ध्यानात आलं. आणि अडसर निघाले.

माणसं गल्लीत धावली. पंचफुलाबाईला उचलून सावलीत नेलं, अंगावर ओली लुगडी टाकली, मानेला, काखेला ओलं फडकं लावलं आणि सुपांनी वारा घातला. ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्या तोंडात पाणी घालायचं नाही, हे कोणा जाणत्या बाईने बजावलं. कोणीतरी कडी काढली. कौतिका बाहेर आली ती पहिली घागरीपाशी गेली. तिने पोरीच्या ओठाला पाणी लावलं, आणि मग सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पंचफुलाबाई वाचली. बोलण्याइतकी झाली तेव्हा कौतिकाने तिला वर्षभर पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "आत्याबाई, त्या दिवशी थो आवाज तुमी वयखला नव्हता?"

"मायले पोराचा आवाज वयखू येत नाई का वं?" ती म्हणाली. "वयखला होता. पन खात्री नव्हती, अन् तुह्या पोटात हे होतं. मी पोराले बाहीर ठेवलं."

कौतिकाने काय उत्तर दिलं, ते कोणी सांगत नाही. पण त्या दिवसानंतर त्या दाराला दुपारी अडसर पडला नाही. पंचफुलाबाई जगली तेवढे सगळे उन्हाळे ऊन डोक्यावर आलं की स्वतः दार उघडायची, ओट्यावर यायची आणि रिकाम्या गल्लीत हाक मारायची, "कोनी हाय का बाहीर?" मग उत्तरासाठी थांबायची. तिची वाट पाहून झाल्याशिवाय शेजारच्या घराला, जिते हा का, असं विचारायची छाती कोणाची झाली नाही.

आजही विचारण्याची ही फेरी त्याच घरापासून सुरू होते. घरातली सर्वांत वयस्क बाई ओट्यावर येते आणि उन्हाकडे तोंड करून हाक मारते. बहुतेक वेळा गल्लीत कोणी नसतं. तरी ती थांबते, पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून, एखाद्या माणसाला वावरातून घरी पोहोचायला वेळ लागावा तेवढी थांबते. तुम्ही तेव्हा गल्लीत असलात तर संकोच करू नका. मोठ्याने ओ द्या, म्हातारीचा हात अवघडतो.