पाहुणीची विहीर

पांगारवाडीच्या बसथांब्यामागं, दवाखाना आणि नव्या इमारतींच्या मधोमध, लोखंडी जाळीनं झाकलेली एक विहीर आहे. काल इथं राहायला आलेलं जोडपं बाजाराच्या पिशव्या घेऊन परतत होतं. विहिरीच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या केरबाआबांनी त्यांना हाक मारून बसवलं, जाळी सरकवून पोहऱ्यानं पाणी काढलं, तांब्या भरून कट्ट्यावर ठेवला आणि सावकाश सांगायला लागले.

पूर्वी इथं सगळी जोंधळ्याची रानं होती. संध्याकाळी वारा सुटला की कणसांची सळसळ गावात ऐकू यायची. पण एकदा पाऊस हुकला तो हुकलाच. गावच्या विहिरीत गाळ उरला. अशात हौसा नावाची परगावची बाई तापानं फणफणलेली लेक कडेवर घेऊन आली, म्हणे. नवरा वाटेतच गेलेला. खांद्यावर त्याची कुदळ तेवढी होती.

गाव वाईट नव्हतं, भ्यालेलं होतं. "आमचंच भागंना बाई, पुढं बघ," लोक म्हणाले.

पुढं जायला लेकीत त्राण नव्हतं. हौसानं याच उतारावर मुरूम फोडायला घेतला. खणताना देवीला म्हणाली, "पाणी लागू दे. पहिला तांब्या मी परक्या माणसाला देईन. तो प्यायल्याबिगर आम्ही मायलेकी ओठ ओले करणार नाही." रागातच बोलली असावी. गावाला दाखवायचं होतं तिला.

आणि पाणी लागलं. करंगळीएवढी धार. तांब्या भरला, तशी लेकीची नजर तांब्याला चिकटली. हौसा वाटेवर जाऊन उभी राहिली. उन्हात चिटपाखरू नाही. मागं लेक कण्हत होती. नवस मोडावा का, असं तिच्या मनात आलं, असं सांगतात. हात तांब्याकडं गेलाही.

तेवढ्यात वळणावर एक म्हातारा धनगर दिसला. मेंढरं वाटेतच मेलेली, पायात काटे. तांब्या पाहून तो म्हणाला, "आधी लेकराला दे, माये."

"तुम्ही प्या बाबा, म्हणजे तिला देता येईल."

तो प्यायला. त्याचा घोट संपायच्या आत खाली खडक बोलला आणि पाणी गुडघ्याला लागलं. लेक जगली. पुढं गाव घागरी घेऊन, मान खाली घालून आलं. हौसानं कुणाला नाही म्हटलं नाही.

आबा थांबले. जिथं पूर्वी रानं होती, त्या इमारतींकडं बघत राहिले. नव्या बाईनं तांब्या त्यांच्याकडं सरकवला. "आबा, आधी तुम्ही घ्या. घसा सुकलाय तुमचा."

"सकाळपासनं सुकलाय, पोरी," आबा हसले. "म्हटलं, बाजारातनं तुम्ही आज येता का उद्या."

आता पांगारवाडीत घरोघरी नळ आहेत. तरी नवं बिऱ्हाड आलं की आजही पहिला तांब्या याच विहिरीचा, आणि तो पोचवणारा तोवर कोरड्या घशानं थांबतो.

"तुम्ही प्या," आबा म्हणाले, "म्हणजे मला पिता येईल."