बोटभर आखूड गज

बालाघाटाच्या उतरणीला बोरओढा नावाचं गाव आहे. खापरनाथ महाराज तिथे नेमके कधी आले, हे कोणालाच सांगता येत नाही. एका सकाळी लोक ओढ्यावर गेले तर महाराज वडाखाली आधीपासूनच बसलेले, आणि आपल्यालाच यायला उशीर झाला असं लोकांना वाटलं. फुटक्या माठाच्या खापरात मिळेल ते खात, म्हणून खापरनाथ. गावाने महाराजांना ठेवून घेतलं की महाराजांनी गावाला, याचा निकाल अजून लागलेला नाही.

या गावात गेनू सुतार आणि त्याची बायको साळू अशी दोघंच राहत. पूर्वी तिघं होती. अंबू नावाची पाच वर्षांची मुलगी होती, ती तापाने दोन दिवसांत गेली. तिच्यामागे घरात एकच गोष्ट उरली, आणि तीसुद्धा बिघडलेली. गेनूचा शिसवी गज.

त्याचं असं झालं होतं. जायच्या आदल्या महिन्यात अंबूने बाप जेवायला बसलेला पाहून करवत उचलली आणि मापाच्या दोन फुटी सुतारी गजाचं एक टोक बोटभर कापून टाकलं. तो तुकडा तिला बाहुली म्हणून हवा होता. गेरूने त्याला दोन डोळे काढले, एक मोठा, एक बारका. खाली तोंड काढलं. नाक काढायचं राहिलं. तिची ठकी तयार झाली आणि बापाचा गज आखूड झाला. गेनू रागावला होता; किती, ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. लहान लेकरांना आपल्याकडे मातीच देतात. ठकी अंबूच्या मुठीत तशीच राहिली आणि तिच्याबरोबर मातीत गेली.

दुसरा सुतार असता तर त्याने नवा गज घडवला असता. गेनूने तोच ठेवला. मोजताना गज ठेवायचा आणि पुढे आपलं एक बोट आडवं टेकवायचं, मग खूण करायची. उणीव तेवढीच होती, बोटाएवढी. अकरा वर्षं त्याने प्रत्येक खाट, प्रत्येक तिफण, प्रत्येक दार असंच मोजलं. प्रत्येक बोटाला लेक आठवायची. सुताराच्या दिवसात मोजमापं किती असतात, ते भाविकांनी मनात धरावं.

पुढे गावाने सटवाईचं देऊळ बांधायला काढलं. पाचवीला येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते ती सटवाई. चौकटीसाठी पाटलांनी संस्थानातून त्रिंबक मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री मोठे कारागीर, यात शंका नाही. त्यांना स्वतःलाही नव्हती. त्यांच्याजवळ पितळी टोकांचा गज होता आणि कागदावर शाईने काढलेले नकाशे होते, जे नळीत घालून, खांद्याला लावून ते हिंडत. दारही त्यांनीच करायचं, पण महाराज म्हणाले, "दार गेनू करील." पाटलांनी मान हलवली. महाराजांपुढे पाटलांची मान नेहमी उभीच हलायची.

गावात कुजबुज झाली. जिने याच्या पोरीच्या कपाळी पाचच वर्षं लिहिली, तिचं दार हा कसं करील? कोणीतरी गेनूला तसं विचारलंही. तो म्हणाला, "दार नसलं की वारा लागतो. देवी असली म्हणून काय झालं, बाईमाणूसच की."

गेनू कागदावर नकाशा काढत नसे. त्याला कागद माहीत होता तो पुडीचा. साळू अंगण सारवून द्यायची आणि त्यावर तो चुन्याच्या दोरीने अख्ख्या मापाची आखणी करायचा. मग लाकूड आखणीवर निजवून तिथेच कापायचा, पुन्हा मोजायचा नाही. मिस्त्री हे पाहायला मुद्दाम आले. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "गेन्या, कोंबडी चालून गेली तर दाराला खिडकी पडेल रे!" लोक हसले. मग त्यांनी गज हातात घेऊन पाहिला, आणि त्यांचं हसू गेलं. आखूड गजाने देवाचं काम करणं हा त्यांच्या मते कारागिरीचा अपमान होता. पाटलांसमोर त्यांनी बोलून ठेवलं की प्रतिष्ठापनेच्या दिवशी दार सूतभर जरी चुकलं, तर हे थोटूक होमात घालायचं. पाटलांनी गेनूकडे पाहिलं. गेनू हो म्हणाला. अकरा वर्षांत त्याचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

देवळाच्या दाराच्या आखणीच्या दिवशी महाराज अंगणात आले. उंची आखून झाली होती, दोन गज, दोन्ही वेळा बोट ठेवून. रुंदीला गेनूने गज आडवा ठेवला, तोच महाराज चुन्याच्या रेषेबाहेर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "अरे गेनू, दार लावून बसलास. कोणी आत यावं कसं?" आणि जमिनीवरच्या त्या आखलेल्या दारावर त्यांनी वाकून दोनदा टकटक केलं.

गेनू हसला. साळू घरातून धावत बाहेर आली, कारण तो आवाज तिने अकरा वर्षं ऐकला नव्हता. हसता हसताच त्याने गजाच्या टोकाशी दोरी धरली आणि रेघ मारली.

प्रतिष्ठापनेच्या सकाळी सगळा गाव जमला. होम पेटला. मिस्त्रींची चौकट देखणीच होती, ठेंगणी, नक्षीची, वाकून आत जावं अशी. गेनूने सागवानी फळी बिजागरीत बसवली आणि हळू लोटली. वर बरोबर, खाली बरोबर. कडेला मात्र उभी फट राहिली आणि तिच्यातून आतल्या समईचा उजेड बाहेर आला.

मिस्त्रींनी फटीत आपलं बोट घातलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवून लोकांना दाखवलं. "सटवाईला बाहेरचं बघायची सोय केली म्हणायची!"

हशा पिकला. गेनूच्या ते कानातही गेलं नसावं. तो फटीकडे पाहत खाली बसला. साळू जवळ आली तेव्हा म्हणाला, "मी बोट धरलंच न्हाई गं."

"आता असूं द्या."

"मला हसू आलं आन् मी अंबूला इसरलो."

साळूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हसणाऱ्यांपैकी पुढचे दोघेतिघे गप्प झाले.

मिस्त्रींनी हात पुढे केला. ठरलेलं होतं. गेनूने कमरेचा गज काढून दोन्ही हातांनी त्यांना दिला. ते होमाकडे वळले, तर होमापाशी महाराज उभे.

"त्याची चूक नाही," महाराज म्हणाले. "त्याला मी हसवलं. जाळायचं तर माझं खापर जाळा. अर्थात, ते जळत नाही."

मिस्त्री घुटमळले. पाटलांची मान अर्थातच हलली. महाराजांनी मिस्त्रींच्या हातून गज घेतला आणि गेनूपुढे धरला.

"ऊठ. राहिलेलं बोट ठेव."

"आता काय उपेग, महाराज?"

"मी उपयोग विचारला का?"

गेनू उठला. साळूने त्याला कोपराला धरून नेलं. त्याने दारावर गज आडवा ठेवला, बिजागरीपासून कडेपर्यंत. गजाचं टोक फळीच्या कडेला आलं. तिथून पुढे फट. त्याने डोळे मिटले आणि टोकापुढे, त्या फटीत, बोट टेकवलं.

बोटाला लाकूड लागलं.

त्याला वाटलं आपण चुकीच्या जागी टेकवलं. बोट खाली सरकवलं, तिथेही लाकूड. डोळे उघडले तर समईचा उजेड दिसेना. सागाच्या फळीला काळ्या शिसवाची एक पट्टी जडलेली होती, वरपासून उंबऱ्यापर्यंत, बोटभर रुंद. गजाच्या कापलेल्या टोकाच्या रेषा थेट त्या पट्टीत शिरत होत्या. करवत वेडीवाकडी चालली होती तो बाकसुद्धा जुळत होता.

महाराजांचा जयजयकार झाला. महाराज तो ऐकायला थांबले नाहीत, समईत तेल घालायला आत गेले.

मिस्त्रींनी मात्र विश्वास ठेवला नाही, आणि कारागिराने तो ठेवूही नये. त्यांनी पट्टीला नख लावलं. सांधा शोधला. आपला पितळी गज लावला. माप पुरं भरलं. मग शोधत शोधत ते खाली सरकले, कारण पट्टीवर खाली काहीतरी लाल दिसत होतं. ते इतकं खाली होतं, पाच वर्षांचं लेकरू दाराशी उभं राहिलं तर त्याचा चेहरा येईल तिथे, की बघायला मिस्त्रींना गुडघ्यांवर यावं लागलं. गेरूचे दोन डोळे होते, एक मोठा, एक बारका. खाली तोंड.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज आधीचा नव्हता.

साळू त्यांच्या शेजारी बसली. "तिची ठकी हाय," ती म्हणाली. "मूठ सोडवून काढून घ्या म्हणत हुते बायका. म्या न्हाई सोडवली."

तिने पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि त्या चेहऱ्यावर बसलेला भुसा पुसला. गाल पुसले, हनुवटी पुसली. मग नाक पुसलं, जे काढायचं राहून गेलेलं होतं. तिथे ती जरा जास्त वेळ पुसत राहिली.

मिस्त्रींनी ते पाहिलं आणि त्यांचं कपाळ उंबऱ्याला टेकलं. गेनू त्यांना उठवायला वाकला, तर त्यांनी त्याच्या हातातल्या गजाचं ते कापलेलं टोक धरलं आणि डोळ्यांना लावलं. ते पुष्कळ वेळ तसेच राहिले. होम विझत आला तरी कोणी त्यांना हलवलं नाही.

शेवटी आतून महाराजांचा आवाज आला.

"मिस्त्री, उठाल तेव्हा सावकाश उठा. चौकट ठेंगणी आहे, डोक्याला लागेल."