गोजराई कासारणीचं काकण

घाटाला अजून गाडीरस्ता ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा करंजघोल गावात कोण येतंय ते डोळ्यांआधी कानांना कळायचं. गोजराई कासारीण तर खिंडीच्या माथ्यावर असतानाच ऐकू यायची. तिच्या दोन्ही खांद्यांवर काचेच्या काकणांच्या माळा असत, हिरव्या, तांबड्या, मोरपंखी. ती उतार उतरू लागली की सगळा डोंगर किणकिणायचा. गोठ्यातल्या म्हशी रवंथ थांबवून कान टवकारायच्या आणि तान्ही पोरं रडायची थांबायची, असं म्हणतात.

गोजराई अंगानं किरकोळ, पण तिच्या बोटांत काही वेगळंच होतं. शेणानं, खुरप्यानं, उखळातल्या मुसळानं राठ झालेला हात ती आपल्या हातात घ्यायची, तेलाचं बोट फिरवायची आणि म्हणायची, "सैल सोड ग बये. अंगठा आत घे. हाताचं केळफूल कर." बाई हसायच्या आत काकण मनगटात जाऊन बसलेलं असायचं. तिच्या हातात हाडंसुद्धा लोण्यासारखी व्हायची, असं म्हणतात.

आता त्या काळी करंजघोलात एक रीत होती. नवी सून घरात आली की तिच्या चुड्यातलं एक काकण दाराच्या चौकटीला टांगायचं. गावातल्या बायका सून बघायला यायच्या, पण तिच्या तोंडाकडे बघण्याआधी ते काकण काढून आपल्या हातात घालून बघायच्या. जेवढं काकण लहान, तेवढी सून नाजूक. आणि सून नाजूक, म्हणजे घर मोठं. याला गावात 'सून मोजणं' म्हणायचे. लग्न ठरलेल्या पोरी महिना-महिना खुरप्याला शिवायच्या नाहीत, हाताला ओलं फडकं गुंडाळून निजायच्या. विहिरीवर, ओट्यावर, लोण्याच्या डेऱ्यापाशी एकच बोलणं. हिचं सव्वादोन, तिचं अडीच, आणि कुणाचं पावणेतीन असेल तर आवाज खाली.

गोजराईनं ही रीत मोडली नाही. उलट ती तिला आवडायची. लहानात लहान काकण मोठ्यात मोठ्या हातात भरावं ते गोजराईनंच, असं सगळा घाट म्हणायचा आणि ते ऐकून तिची पाठ ताठ व्हायची.

पण तिच्याही मनात एक काटा होता. नदीपल्याडचा भिवा नावाचा कासार याही गावांतून फिरायचा. उंचापुरा, हसरा, गाणी म्हणत काकणं भरणारा. गोजराई कुठंही बसली तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "भिवा आला होता का? काय माप भरून गेला?" आपल्या माळा अर्ध्या खपल्या तर ती भिवाच्या किती खपल्या हे विचारायची. घरी जाऊन भाकरी खाताना तिला वाटायचं, भिवा आत्ता काय जेवत असेल?

अशात वरच्या आळीतल्या रंगूचं लग्न ठरलं. रंगूची आई लहानपणीच गेलेली. बापाला दम्याचा त्रास, म्हणून शेत तीच करायची. कुदळ तिची, पाभर तिची, बैलही तिच्या हाकेचे. हात रुंद आणि तळवे जाड. खालच्या आळीतल्या शेलारांच्या धाकट्या मुलानं, धोंडूनं, तिला भात लावताना पाहिलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं की करीन तर हीच. पण त्याच घराच्या चौकटीला थोरल्या सुनेचं, जानकीचं काकण टांगलेलं होतं. सव्वादोनचं. सगळ्या गावात त्याहून लहान काकण नव्हतं.

वैशाखात चुडा भरायला गोजराई रंगूच्या दारी बसली. अंगणात बायकांची दाटी. गोजराईनं रंगूचा हात हातात घेतला आणि अडीचाहून मोठ्या मापाची माळ सोडली.

"ती नको," रंगू म्हणाली. "सव्वादोन काढा."

"अग, हा नांगराचा हात. बाहुलीचा न्हाई."

"जानकीवहिनीच्या मापाची भरा. जन्मभर त्या चौकटीखालून जायचंय मला. रोज वर बघायचंय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गोजराईनं मान हलवली. तेव्हा रंगू हळूच म्हणाली, "तुमच्यानं होत नसंल तर सांगा, गोजराई. भिवा कासार भरतो म्हणं कुणाच्याबी हातात."

झालं. गोजराईनं मोठ्या मापाची माळ बाजूला सारली. सव्वादोनचं हिरवं काकण घेतलं. तेल ओतलं. बोटांच्या पेरांवरून ते सरकलं, अंगठ्याच्या मुळाशी अडलं. रंगूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "ढकला." गोजराईच्या डोळ्यांपुढे रंगू नव्हतीच, भिवा होता. तिनं ढकललं.

करंजघोलात आजही बायका काकण फुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. पण त्या दिवशी ते फुटलं. काचेचा तुकडा अंगठ्याच्या मुळात खोल गेला. पाटावर, अक्षतांवर, गोजराईच्या लुगड्यावर रक्त सांडलं.

जखम भरली. पण रंगूच्या उजव्या हाताची बोटं मिटेनात. हात उघडाच राहिला, काही मागत असल्यासारखा.

धोंडूची आई भागीरथी येऊन बघून गेली. बाई वाईट नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, "माघापर्यंत थांबू आम्ही. धोंड्या तर जन्मभर थांबंल म्हणतोय, पण माझं घर शेतावर चालतं ग पोरी. तोवर हात मिटला तर बरं. न्हाई तर..." पदर सावरून ती वळली. सगळ्यांना कळलं.

गोजराईनं आपल्या माळा रंगूच्या घरातल्या खुंटीवर टांगल्या आणि तिथंच राहिली. "हिचा हात मिटंस्तवर मी दुसऱ्या कुणाचा हात धरायची न्हाई," एवढंच म्हणाली. रोज सकाळी कोमट तेलानं ती रंगूचा हात चोळायची, एकेक बोट वाकवायची. मग नदीकाठची चिकणमाती मळून तिचा गोळा रंगूच्या तळहातावर ठेवायची. "दाब."

रंगू दाबायची. मातीवर नखाएवढी खूण उमटायची. मग ती डाव्या हातानं दुसरा गोळा दाबायची, तो चिरडून बोटांमधून बाहेर यायचा, आणि ती रडायला लागायची. "बघा की! हा बघा आणि हा बघा!"

गोजराईनं तिचा डावा हात पदरात गुंडाळून ठेवला. "त्या हाताला इचारू नगंस. त्याला काय ठावं ह्याचं दुखणं?"

मग रंगूनं दुसरं खूळ काढलं. दाबलेला रोजचा गोळा ती ओटीवर ओळीनं मांडून ठेवू लागली. काल किती रुतलं, आज किती. खुणा खोल होत चालल्या तशी ती हसू लागली. गोजराईलाही बरं वाटलं. पण आषाढात एक दिवस गारठा पडला, हात आखडला आणि खूण आदल्या दिवसापेक्षा उथळ उमटली. रंगू दिवसभर जेवली नाही. "मागं चाललाय हात," ती म्हणत राहिली.

गोजराई उठली. ओटीवरचे सगळे गोळे पदरात घेतले आणि पागोळ्यांखाली नेऊन ठेवले. बघता बघता खुणा विरघळल्या आणि गढूळ ओघळ अंगणातून वाहून गेले.

"काय केलंत हे?" रंगू ओरडली.

"कालच्या रंगूशीबी झोंबी नगं," गोजराई म्हणाली. "ती तरी कुठं हाय आता?"

त्या दिवसापासून रंगू माती दाबायची आणि न बघता टाकून द्यायची.

दुसऱ्याला सांगणं सोपं असतं. नदीच्या उतारावरून, जिथं पाणी पायी ओलांडता यायचं तिथून, रोज किणकिण ऐकू यायची. भिवा जायचा, यायचा. गोजराई बांधावर दिसली की लांबून हाळी द्यायचा, "काय गोजराई, कासारकी सोडून कुंभारकी धरलीस व्हय?" आणि हसत पुढे जायचा. त्याच्या मनात खोट नव्हती. पण गोजराई त्या दिवशी चिकणमाती आपटून आपटून मळायची.

भाद्रपद आला. गौरी तोंडावर आल्या. कासाराचं वर्षाचं पोट या चार दिवसांवर असतं. नदी चढलेली. सकाळी भिवा पल्याड गेल्याचं तिनं पाहिलं, रिकाम्या खांद्यांनी. त्याच्या साऱ्या माळा खपल्या होत्या. गोजराईनं खुंटीवरच्या आपल्या माळांकडे पाहिलं. त्यांच्यावर धूळ बसली होती. आणि तीन-चार महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"पल्याड जाऊन येते," माळा खांद्यांवर घेत ती रंगूला म्हणाली.

"पाण्याला ओढ हाय, गोजराई."

"भिवा गेला न्हवं?"

भिवा उंच होता आणि त्याच्या अंगावर ओझं नव्हतं. गोजराई बुटकी होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर चार गावांची काच होती. हे मागोमाग आलेल्या रंगूला काठावरून दिसत होतं, गोजराईला दिसलं नाही. ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिच्या पायाखालचा दगड सरकला.

काठावर एक जुना करंज होता, त्याची मुळं पाण्यात उतरलेली. रंगू धावली. डाव्या हातानं तिनं मूळ धरलं आणि पाण्यात लोंबकळली. आता एकच हात उरला. हा मिटतो का, किती मिटतो, हे बघायला वेळ नव्हता. गोजराईचं मनगट समोरून जाताना तिनं तो पुढे केला.

हात मिटला. असा मिटला की गोजराईच्या मनगटावर चार बोटांच्या निळ्या खुणा उमटल्या आणि त्या मरेपर्यंत गेल्या नाहीत, असं म्हणतात.

पण माळा गोजराईला खाली ओढत होत्या. "सोडा त्या!" रंगू ओरडली. गोजराईनं क्षणभर पल्याडच्या काठाकडे पाहिलं, मग खांदे सैल सोडले. अगदी ती बायकांना हात सोडायला सांगायची तसे. माळा निसटल्या, दोरे तुटले, आणि सगळी नदी हिरवी, तांबडी, मोरपंखी होऊन किणकिणत निघून गेली.

पुढं जे झालं ते खालच्या गावांतल्या बायका सांगतात. काच पाण्यात बुडायला हवी, पण ती काकणं तरंगत गेली. कुणाला धुण्याच्या दगडापाशी सापडलं, कुणाला कळशीत, कुणाला माशांच्या जाळ्यात. आणि जिला जे सापडलं ते तिच्या हातात तेल न लावता बसलं. जाड हाताला जाड हाताचं, वाळक्या हाताला वाळक्या हाताचं. भिवाच्या बायकोलाही एक सापडलं. नवऱ्यानं भरलेलं काकण तिला सदा टोचायचं म्हणे, हे टोचलं नाही. भिवा त्या दिवशी गाणं न म्हणता घरी बसला, असं म्हणतात.

माघात लग्नाचा दिवस आला. गोजराईनं शेजारच्या पेठेतून उसनी काकणं आणली आणि शेलारांच्या अंगणात रंगूचा चुडा भरायला बसली. पण आता तिनं आपला पदर रंगूच्या हातावर पसरला आणि पदराखाली, डोळे मिटून, बोटांनी हात चाचपत एकेक काकण भरलं. कुणाला काही दिसलं नाही. फक्त किणकिण ऐकू आली.

भागीरथी पुढं सरकली. "चौकटीला टांगायला एक द्या. किती मापाचं भरलं?"

"माप नदीत गेलं, वैनी," गोजराई म्हणाली.

भागीरथीनं वर चौकटीकडे पाहिलं. तेवढ्यात थोरली सून जानकी दाराशी गेली, चौकटीवरचं सव्वादोनचं काकण काढून घेऊन आली. "हे पण नदीत टाका, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "दोन लेकरं झाली मला. हे माझ्याच हातात जात न्हाई कधीचं. रोज त्याच्याखालून जाताना मान खाली घालते मी."

रंगूनं तिच्याकडे पाहिलं. सगळं वर्ष ती जिच्या हाताशी झगडली होती, तो हात तिच्या हाताएवढाच रुंद झालेला होता. आधी जानकीला हसू फुटलं, मग रंगूला. शेवटी भागीरथीही हसली आणि म्हणाली, "चला ग, भाकरी करपायच्या."

गोजराई पुढं पुष्कळ वर्षं खिंड उतरत राहिली. भिवा वाटेत भेटला तर दोघं झाडाखाली बसून शिदोरी सोडायची. त्याच्या माळा किती खपल्या हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. एका पावसाळ्यात ती आली नाही. गावानं पुष्कळ वाट पाहिली. ती नदीच्या वाटेनं आपल्या काकणांच्या मागं गेली, असं म्हणतात.

आता घाटातून एस.टी. येते आणि काकणं पुठ्ठ्याच्या डब्यांतून येतात. पण करंजघोलात चुडा अजून पदराखालीच भरतात. काकणाचं माप तिथं कुणी विचारत नाही. कासारानं ते बोटांनी ओळखायचं आणि स्वतःशीच ठेवायचं. कुठल्याच दाराच्या चौकटीला काकण नाही. आणि गौरी बसायच्या आदल्या दिवशी साऱ्या बायका, सासवा, सुना, माहेरवाशिणी, नदीच्या उतारावर जातात. प्रत्येक बाई एक काकण गोजराईच्या नावानं पाण्यात सोडते. मग जरा खाली, जिथं पाणी संथ होतं, तिथं वाकून सगळ्या वाळूत हात घालतात. हाती लागेल ते काकण घालून बघायचं. बसलं तर वर्षभर मिरवायचं. नाही बसलं तर कपाळाला लावून पुन्हा पाण्यात सोडायचं आणि म्हणायचं,

"गोजराई, हे माझं न्हाई. जिचं असंल तिला पोचव."

हे म्हणताना हसायचं असतं, अशी रीत आहे.