ओल सांगणारी सुई

फार जुनी नव्हे, पण गोष्टीत शोभेल इतपत जुनी गोष्ट. वाचनालयाच्या गच्चीवर हौशी मंडळींनी तळहाताएवढा एक संगणक बसवला आणि कुंडीतल्या वांग्याच्या रोपाला पाणी घालायचं काम त्याच्यावर सोपवलं. मातीत खुपसलेली एक सुई त्याला ओल किती ते सांगायची.

एका सकाळी सुई म्हणाली, “ओल शून्य. कोरडं!” संगणकाने पंप सुरू केला. थोड्या वेळाने पुन्हा तेच, “कोरडं!”

“अरे, पुरे! जीव गुदमरतोय माझा,” रोप कळवळलं.

संगणक पार गोंधळला. सुई आजवर कधी खोटं बोलली नव्हती, आणि रोपही उगाच ओरडणारं नव्हतं. पण सुई आकड्यांत बोलायची, रोपाचं नुसतं रडगाणं. त्याने आकडा धरला आणि पाणी सोडतच राहिला.

दुपारी कुंडीतून माती वाहून जाऊ लागली, तरी सुईचं “कोरडं!” चालूच.

“खोटारडे!” संगणक खेकसला.

“खोटं कशाला बोलू? कावळ्याने सकाळीच मला उपटून या तापलेल्या कठड्यावर टाकलं. कठडा कोरडाच आहे की! तू दर वेळी ओल विचारलीस. मी कुठे आहे, हे एकदा तरी विचारलंस?”

तेव्हा संगणकाने पहिल्यांदा कुंडीकडे पाहिलं. वांग्याचं रोप पाण्यावर आडवं तरंगत होतं.