कातळाईपुढची उघडी टोपली

मार्गशीर्ष वद्य तृतीया, गुरुवार. पहाटे धुके फार होते, आठ वाजेपर्यंत समोरचा डोंगर दिसत नव्हता. नंतर लख्ख ऊन पडले. वारा नाही.

आंबदऱ्याच्या वरच्या अंगाला एक सपाट काळा कातळ आहे. त्याच्या टोकाला कातळाई देवीची शेंदूर फासलेली शिळा. वर्षातून एकदा, याच दिवशी, गावातले प्रत्येक घर तिच्यापुढे एक टोपली ठेवते. पुरणपोळी नाही, खीर नाही. आदल्या दिवशी घरात जे शिजले आणि खाल्ले तेच टोपलीत ठेवायचे, आणि वर फडके घालायचे नाही. देवीला शिळा नैवेद्य कसा, असे बाहेरचा माणूस विचारतोच. विचारले की गावातले म्हातारे येसबा गोडे कातळावर बैठक मारतात आणि सगुणेची गोष्ट सांगतात.

फार मागे, येसबांच्या पणज्यालाही आठवत नव्हते इतक्या मागे, आंबदऱ्याच्या पाटलांकडे सगुणा सून होऊन आली. माहेर घाटाखालचे, भातखाचरांचे. इथे पहिल्याच दिवशी तिच्या ताटात नाचणीची काळी भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी पडली. तिला लाज वाटली, म्हणे. माहेरचे कोणी आले आणि त्यांनी हे ताट पाहिले तर काय म्हणतील, हा एकच घोर तिला लागला.

सासू गेली, स्वयंपाकघर सगुणेच्या हाती आले आणि नाचणीचे जाते बंद पडले. तांदूळ तीन-तीनदा सडून पांढराशुभ्र होऊ लागला. हुलगे बैलांपुढे गेले. पाहुणा आला की ताट भरून वाहायचे. दूध पाहुण्यांच्या खिरीला, तूप पाहुण्यांच्या भाताला. घरच्यांच्या वाट्याला पांढरा भात आणि पातळ आमटी. पाटलांकडे असे चालते म्हटल्यावर गावातल्या बाकीच्या बायकाही तसेच करू लागल्या.

रानभाज्या खुडून आणणारी कोंडाई तेवढी दर श्रावणात दाराशी यायची.

"पाटलीणबाई, कुर्डू लई कवळा हाय. घ्या वंजळभर."

"आमच्यात गुरं आहेत पाला खायला. त्यांच्यापुढं टाक."

कोंडाई हसून पाटी उचलायची. "मग तुमच्या गुरांचं नशीब थोर, बाई."

सगुणेला एकच लेक होती, थकू, सहा वर्षांची. नवरात्राच्या सुमारास ती दिवे लागण्याच्या वेळी उंबऱ्याला अडखळू लागली. सगुणेने धांदरट म्हणून दोनदा धपाटाही घातला. मग एका तिन्हीसांजेला देवापुढे दोघी बसल्या असताना पोर म्हणाली, "आई, आज दिवा का नाही लावला?"

दिवा दोघींच्या मध्ये जळत होता.

डोंगरापलीकडच्या वैद्याला बोलावणे गेले. वैद्याने पोरीच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरीच्या पोटात काय जातं?"

ओसरीवर सासरे होते, चार शेजारणी होत्या. सगुणेने पाहुण्यांचे ताट डोळ्यांपुढे आणले आणि तेच सांगितले. "दूध जातं, तूप जातं, पालेभाजी, डाळ, सगळं जातं. पाटलांचं घर आहे, काय कमी आहे?"

"एवढं खाणाऱ्या पोरीला हे होत नाही," वैद्य म्हणाला. "मग दुसरंच काहीतरी असणार." त्याने अंजन दिले आणि तो गेला.

सगुणेने दोन महिने अंजन घातले. थकू दिवसाही डोळे चोळू लागली. डाव्या बुबुळावर तांदळाएवढे पांढरे फूल पडले. अंजनाने काय होणार, हे सगुणेला आतून कळत होते, असे सांगतात. वैद्याने पहिला प्रश्न खाण्याचाच विचारला होता, हे ती विसरली नव्हती. पण खरे काय ते चारचौघांत सांगावे लागणार, म्हणून तिने तोंड उघडले नाही.

मार्गशीर्षात कातळाईची जत्रा आली. बायका फडक्याने झाकलेल्या टोपल्यांत पुरणपोळ्या घेऊन कातळावर जमल्या. वैद्यही दर्शनाला आला होता. त्याने थकूला उन्हात धरून पाहिले आणि विचारले, "पाटलीणबाई, अंजन नेमानं घालता ना?"

सगुणा तशीच घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या टोपलीत आदल्या दिवशीचा गार भात आणि आमटीचे मडके होते. तिने ते देवीपुढे उघडे ठेवले.

"वैद्यबाबा, मी खोटं बोलले. पोर हेच खाते. तीन वर्षं हेच खाते."

सासऱ्यांनी मान खाली घातली. वैद्याने वाकून मडक्यात पाहिले.

"हे मला दोन महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं," तो म्हणाला. "रोज शेवग्याचा पाला तेलावर परतून द्या. दूध पोरीला द्या. नाचणी, हुलगे घरात आणा. आणि बकऱ्याचं काळीज मिळालं तर त्याला नाही म्हणू नका."

मग एकेक बाई पुढे आली आणि तिने आपल्या घरी काल काय शिजले होते ते सांगितले. अकरा घरांत तोच भात, तीच आमटी निघाली. त्यांतल्या चार घरांत संध्याकाळी अडखळणारी पोरे होती.

पाटलांच्या परसातला शेवगा सगुणेनेच तोडवला होता. तिला पदर पसरून कोंडाईच्या झोपडीशी जावे लागले. कोंडाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"या पाटलीणबाई. गुरांनी खाऊन उरलाय थोडा."

सगुणेने पदर पुढे केला. कोंडाईने पदर भरून पाला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच पाटी घेऊन पाटलांच्या चुलीपाशी येऊन बसली, कारण सगुणेला ती भाजी करता येत नव्हती.

पंधरवड्यात थकूला तिन्हीसांजेचा दिवा दिसू लागला. त्या चार घरांतल्या पोरांचेही अडखळणे थांबले. थकूच्या डाव्या डोळ्यातले फूल गेले नाही. पुढच्या वर्षीच्या जत्रेला सगुणेने पुन्हा आदल्या दिवशीचे अन्न आणले, आणि तिच्यामागून साऱ्या गावाने. ती असेपर्यंत तिने एकदाही टोपलीवर फडके घातले नाही, असे सांगतात.

आजही आंबदऱ्यात या दिवशी कोणी कोणाच्या टोपलीला हसत नाही. जिच्यात जे कमी दिसेल ते शेजारच्या घराने आपल्यातून घालायचे, एवढीच रीत.

यंदा त्रेचाळीस टोपल्या आल्या. तीस टोपल्यांत नाचणीची किंवा बाजरीची भाकरी होती, सव्वीस टोपल्यांत पालेभाजी. पाच टोपल्यांत नुसता भात आणि आमटी. एका टोपलीत पाकिटातल्या शेवया होत्या. ती येसबांच्या घरची. तिच्यात डाव्या हाताच्या घराने शेवग्याची भाजी घातली आणि उजव्या हाताच्या घराने हुलग्याची उसळ. येसबांनी ती टोपली उचलली आणि घरी नेली.