ओढ्याकाठचं गाजर

नळावर बायका कुजबुजत होत्या. हौसाक्काच्या कानावर एवढंच पडलं, "हौसाक्काची लेक संक्रांतीला नातवाला घेऊन..." तेवढ्यात पाणी आलं नि बोलणं तुटलं. नातू येणार म्हणून हौसाक्का हरखली.

गेल्या खेपेला नातू पोटात जंत घेऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नव्हता. नर्सबाई जंतांच्या गोळ्या वाटायच्या, उघड्यावर बसू नका म्हणायच्या, पण सरपंच तात्या गावच्या संडासाला जागाच देईनात. "वाडवडील ओढ्याकाठीच बसायचे. काय झालं त्यांना?"

भोगीला तात्या दारावरून निघाले, तशी हौसाक्कानं मातकट गाजर पुढं केलं.

"खावा, तात्या."

"धुतलंय का?"

"कशाला? ओढ्याकाठचंच आहे, वाडवडील बसायचे तिथलं."

तात्यांनी हात आखडला. हौसाक्का हळूच म्हणाली, "तुम्हाला हातात धरवेना, तसलंच माझ्या नातवानं खाल्लं होतं."

सांजेला तात्यांनी जागा आखून दिली.

संक्रांतीला लेक आली, पण एकटीच. आखलेली जागा बघून म्हणाली, "संडास बांधून होऊ दे आई, मग आणते त्याला."